गाठोडे गेले, डबा आला

आमच्या स्वयंपाकघरातील मांडणीवर एक स्टीलचा डबा आहे. पाच किलो साखर मावेल एवढा, जाड पत्र्याचा आणि घट्ट झाकणाचा. घरी येणाऱ्या कोणालाही त्यात वेगळे असे काही दिसणार नाही. मला मात्र त्या डब्याकडे पाहिले की आजही मान खाली घालावीशी वाटते. तो आम्ही दुकानातून आणलेला नाही. २०१४ सालच्या दिवाळीपूर्वी दारावर आलेल्या बोहारणीकडून तो घेतला आणि त्याच्या बदल्यात माझ्या आईचे एक गाठोडे तिला देऊन टाकले. गाठोड्यात काय आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते, असेही म्हणता येणार नाही. जुनी लुगडी होती, धोतरे होती. वरूनच दिसत होती. ती कशासाठी ठेवली आहेत, हे विचारण्याची आवश्यकता आम्हांला वाटली नाही, एवढेच.

घरातील गोष्ट चारचौघांत सांगू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तरीही ही गोष्ट सांगतो आहे, कारण ज्या ज्या स्नेह्यांपाशी मी हा विषय काढला, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात असा एखादा डबा निघाला. कोणाकडे पातेले, कोणाकडे बादली. परंतु त्याच्या मोबदल्यात गेलेले गाठोडे बहुधा आजीचेच होते.

जन्माला दुपटे, घर सोडताना वाकळ

आमचे मूळ गाव कराडजवळचे, कृष्णाकाठचे. तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आई लग्न होऊन त्या घरात आली, तेव्हा घरात तेरा माणसे होती आणि विकतचे पांघरूण एकही नव्हते. सुगी संपली, चैत्र-वैशाखाची उन्हे तापू लागली, की दुपारची जेवणे आटोपल्यावर सोप्यात वाकळ पसरली जाई. आजी, काकू, आई आणि शेजारच्या एक-दोघी चारी बाजूंनी बसत. हात सुईवर आणि बोलणे साऱ्या गावावर, असा तो बैठकीचा थाट असे.

त्या काळी लुगडे जुने झाले म्हणजे ते टाकाऊ झाले, असे कोणी मानत नसे. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर सुती कापड. ते मध्ये विरले की फाटका भाग काढून, दोन्ही तुकडे जोडून, दांड घालून पुन्हा नेसले जाई. त्यानंतर त्याच्या बऱ्या भागातून मुलींचे परकर निघत, तान्ह्या बाळाची झबली आणि बाळुती निघत. नव्या कापडाची खळ तान्ह्या अंगाला बोचते. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्याचा पदर बोचत नाही, हे त्या बायकांना कोणी शिकवावे लागले नव्हते. मग उरलेले कापड वाकळीत जाई आणि वाकळही विरली की तिचे पोतेरे होई. कापडाचा एक तुकडा इतक्या जणांच्या उपयोगी पडून शेवटी शेणामातीच्या जमिनीशी एकरूप होत असे.

वाकळ घालणे हे काम वाटते तितके सोपे नाही. आधी कापड धुऊन कडक उन्हात वाळवायचे. शिवणी उसवून ते सपाट करायचे. खाली एक अखंड लुगडे अंथरायचे, त्यावर लहान-मोठे तुकडे एकमेकांना भिडवून असे मांडायचे की कोठे उंचवटा राहू नये आणि कोठे खळगा पडू नये. वर दुसरे चांगले लुगडे. चारी कोपऱ्यांवर भरलेले तांबे ठेवायचे, म्हणजे कापड सरकत नाही. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर बांधून घ्यायचे आणि कडेपासून धावदोरा सुरू करून चारी बाजूंनी आत आत येत मध्यावर पोहोचायचे. टाका सर्व थरांतून खाली गेला पाहिजे आणि दोन ओळींत बोटभरापेक्षा जास्त अंतर राहता कामा नये. नाहीतर धुताना आतले तुकडे गोळा होतात. ही वाकळ पुढे वर्षानुवर्षे टिकायची असते. घटस्थापनेपूर्वी घरातील सगळे अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुण्याची रीत होती. पाण्याने जड झालेली वाकळ दोघींनी दोन टोकांनी धरून पिळल्यावरही जिचा टाका उसवत नाही, तिचा हात चांगला, अशी परीक्षा होती.

पुढे आम्ही भावंडे शिकलो आणि नोकऱ्यांच्या निमित्ताने पुण्या-नाशिकला आलो. आईही पुण्याच्या सदनिकेत आली आणि तिची सुई तिच्याबरोबर आली. तिला सहा नातवंडे. तिने कोणालाही न सांगता स्वतःपुरता एक नियम घालून घेतला होता. नातवंड जन्माला आले की त्याला तिच्या हातचे दुपटे आणि ते शिक्षणासाठी अथवा लग्न होऊन घराबाहेर पडेल तेव्हा एक मोठी गोधडी. दुपटी सहाही झाली होती. गोधड्या २०१४ पर्यंत चार झाल्या होत्या.

माझी मुलगी अभियांत्रिकीच्या वसतिगृहात राहायला गेली, तेव्हा तिने एके दिवशी सहज म्हणून आपल्या गोधडीचा हिशेब केला. गोधडी सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद. टाक्यांच्या दोन ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर. एका इंचात तीन टाके. सगळी बेरीज तेवीस हजारांच्या पुढे गेली! तिने दूरध्वनी करून आजीला हा आकडा सांगितला. आजी म्हणाली, "असतील. मी मोजले नाहीत." त्यापुढे एक वाक्य तिने जोडले, ते मात्र महत्त्वाचे आहे. ती म्हणाली, "मोजत बसले असते तर झाली नसती."

कापड कोणाचे, हा प्रश्न

ही रीत केवळ आपल्या कृष्णाकाठची नाही. संस्कृतातील 'कंथा' हा शब्द ठिगळांच्या वस्त्रासाठीच आहे आणि बंगालमध्ये तोच 'कांथा' झाला. तेथील स्त्रिया जुन्या साड्यांचे थर एकमेकांवर ठेवून, त्यांच्याच काठांतून ओढून काढलेल्या रंगीत धाग्यांनी ते शिवत. गुरुसदय दत्त हे आय.सी.एस. अधिकारी बंगालच्या जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरताना या कांथा जमवीत असत. त्यांचा संग्रह आज कोलकात्याजवळ जोका येथील संग्रहालयात आहे. बिहारच्या मुझफ्फरपूर भागात सुजनी आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंदी' शिवतात. त्याही आपल्याप्रमाणेच कडेपासून आत येतात. आपल्या वऱ्हाडात तर ठिगळांच्या वस्त्राने एका महापुरुषाला नाव दिले. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, चिंधेबुवा म्हणत.

सातासमुद्रापलीकडेही हेच दिसते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. गुलामगिरीत पिचलेल्या पूर्वजांच्या या कृष्णवर्णीय लेकींनी शेतात राबताना वापरलेल्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००२ साली त्या तेथील मोठ्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटेही निघाली. त्या वस्तीतील मिसूरी पेटवे या स्त्रीचा पती निवर्तला, तेव्हा १९४२ साली तिने त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. ते कपडे विटलेले होते, गुडघ्यांवर झिजलेले होते. तिला दुसरे कापड मिळाले असते की नाही, हा प्रश्न गौण आहे. तिला तेच कापड हवे होते.

देश वेगळा, धर्म वेगळा, भाषा वेगळी. परंतु या साऱ्या स्त्रियांना एक गोष्ट सारखीच उमगली होती. पांघरुणात ऊब येते ती थरांमुळे, हे खरेच. पण ते थर कोणाच्या अंगावरून आले आहेत, यालाही अर्थ असतो. विकतच्या दुलईला वजन असते, रंग असतो, किंमत असते. तिला नातेवाईक नसतात.

गाठोड्यात काय होते?

आता त्या गाठोड्याकडे वळतो. आई पंधरा दिवसांसाठी नाशिकला बहिणीकडे गेली होती. दिवाळीची साफसफाई निघाली. सदनिकेत जागेची चणचण. दिवाणाखालचे गाठोडे वर्षानुवर्षे तेथेच होते. पत्नीने विचारले, "याचं काय करायचं?" मी म्हणालो, "देऊन टाक. किती दिवस ठेवायची ही चिंध्यांची अडगळ?" बोहारीण आली, तेव्हा गाठोडे खाली नेऊन देणाराही मीच होतो. डबा चांगला मिळाला, याचा आनंदही मलाच अधिक झाला.

आई परत आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दिवाणाखाली वाकून पाहिले आणि विचारले, "इथलं गाठोडं कुठं ठेवलंय?"

पत्नी म्हणाली, "आई, ते बोहारणीला दिलं. हा बघा, केवढा डबा आला!"

आईने डबा हातात घेतला. झाकण लावून पाहिले, काढून पाहिले. "चांगला आहे," एवढेच ती म्हणाली. संध्याकाळी तिने स्वतःच त्यात साखर भरली.

त्या गाठोड्यात काय होते, ते आम्हांला बहिणीच्या दूरध्वनीवरून कळले. वडिलांची दोन धोतरे होती. ते गेल्यानंतर आईने ठेवलेली. आईच्या आईचे एक इरकली लुगडे होते. बहिणीचा लहानपणीचा परकर होता. आणि काकूंचे एक पातळ होते. काकूंना मूलबाळ झाले नाही. आम्हां तिन्ही भावंडांना त्यांनीच न्हाऊ-माखू घातले. त्यांच्या नावाने या घरात श्राद्धाच्या पानाव्यतिरिक्त काही उरलेले नव्हते. ते पातळ तेवढे उरले होते. हे सारे कापड पाचव्या गोधडीसाठी बाजूला काढलेले होते. धाकटी पुतणी पुढच्या वर्षी शिक्षणासाठी बाहेर जाणार होती. तिने आजोबांना पाहिले नव्हते, काकूंना पाहिले नव्हते. त्यांची तिची भेट या एकाच मार्गाने व्हायची होती.

आईने आम्हांला एका शब्दानेही बोल लावला नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने फक्त सुई उचलणे थांबवले.

"काही करू देत नाहीत"

पुढच्या सहा महिन्यांत आईची प्रकृती उतरली. जेवण कमी झाले. दुपारभर ती दूरदर्शन संचासमोर बसे, पण पाहत काही नसे. आम्ही तिची काळजी घेत होतो, हे मी प्रांजळपणे सांगतो. तिच्यासाठी आरामखुर्ची आणली. भाजी निवडायला बसली तर पत्नी म्हणे, "राहू द्या आई, बाई करील." देवाची भांडी घासायला घेतली तर मी म्हणे, "आयुष्यभर केलंस, आता आराम कर." शेवटी तिला डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब ठीक, साखर ठीक. डॉक्टरांनी सहज विचारले, "आजी, दिवसभर काय करता?"

आई म्हणाली, "काही करू देत नाहीत."

तक्रारीचा सूर नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचे ते सरळ उत्तर होते. परतीच्या वाटेवर माझ्या मनात एकच विचार घोळत होता. वृद्धांना आराम देणे आणि त्यांच्या हातातले काम काढून घेणे, या दोन गोष्टी आपण एकच समजून बसलो आहोत. पहिली सेवा आहे. दुसरी, कितीही आदराने केली तरी, एक प्रकारची हकालपट्टी आहे. कार्यालयातून निवृत्त होणाऱ्याला निदान हार-तुरे आणि निरोपाचे भाषण मिळते. घरातून निवृत्त केल्या जाणाऱ्या आजीला आरामखुर्ची मिळते.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती आणि त्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक होत्या. वृद्ध माता-पित्यांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा झाला. अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार यांचा त्यात निर्वाह म्हणून समावेश आहे. ज्यांना पोटची मुले विचारीत नाहीत, त्यांच्यासाठी हा कायदा आवश्यकच आहे. परंतु आमच्या घरात या चारही गोष्टी भरपूर होत्या आणि तरीही आई सुकत चालली होती. पाचवी गोष्ट कोणत्याही कायद्यात लिहिता येणारी नाही. आपल्यावाचून कोणाचे तरी काही अडते आहे, ही जाणीव म्हणजे ती पाचवी गोष्ट.

एक आक्षेप, आणि तो खरा आहे

येथे कोणी विचारील की, हे गरिबीचे आणि बायकांच्या कष्टांचे उदात्तीकरण नव्हे काय? वाकळ हौसेने शिवली जात नव्हती. पांघरूण विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून शिवली जात होती. हा आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. सोप्यात बसलेल्या त्या बायकांनी पहाटेपासून दळण, पाणी, शेण, स्वयंपाक हे सारे उरकलेले असे. दुपारची ती बैठक हाच त्यांचा विसावा आणि त्यातही हात चालूच! आजही चित्र फारसे बदललेले नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे जवळजवळ पाच तास आणि दीड तास. गोधडीचे गोडवे गाणाऱ्या माझ्यासारख्या पुरुषांनी हे आकडे आधी वाचावेत.

त्याचबरोबर दुसरे टोकही पाहावे. ज्या घरांत आई-वडील दोघे नोकरीला जातात, तेथे आजीला आराम तर सोडाच, दिवसभराची पाळणाघराची जबाबदारी मिळते. नातवंडांची शाळेची गाडी, शिकवणी, डबा, दुपारचे जेवण, सारे तिच्यावर. ती आनंदाने करते, असे आपण धरून चालतो. कित्येकदा ती करतेही. पण तिला विचारले जाते का? आमच्या घरात आईला काही करू दिले जात नव्हते. शेजारच्या घरात एका आजींना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दोन्ही घरांत चूक एकच होती. तुम्हांला काय करावेसे वाटते, हा प्रश्न कोणीच विचारलेला नव्हता.

म्हणून गोधडीचा आग्रह धरताना मला गरिबी परत आणायची नाही, की सुनांच्या हातात सक्तीने सुई द्यायची नाही. ज्या आजीला शिवायचे नाही, तिने शिवू नये. तिला वाचन करू द्यावे, भजनाला जाऊ द्यावे, हवे तर निवांत झोपू द्यावे. परंतु जिला शिवायचे आहे, तिच्या कामाला 'वेळ घालवणे' म्हणू नये. आज अनेक ठिकाणी महिला बचत गट गोधड्या शिवून विकतात, आपण जुन्या साड्या दिल्या तर त्यांचीच गोधडी करून देतात. त्यातून चार घरांना मिळकत होते, हे चांगलेच आहे. पण मोबदला मिळाला की ते काम आणि घरात केले की विरंगुळा, हा कोणता न्याय?

एक कोपरा उसवला

आमच्या घरातील कोंडी सोडवली ती मुलीने. उन्हाळ्याच्या सुटीत ती गोधडी घेऊनच घरी आली. वसतिगृहात सुरुवातीला तिला तिचा संकोच वाटे, म्हणून ती गादीखाली दडवून ठेवलेली असे. पुढे एका हिवाळ्यात तापाने फणफणल्यावर तिने ती बाहेर काढली आणि मग ती आत गेलीच नाही. वापरून वापरून तिचा एक कोपरा उसवला होता. ती आजीपुढे बसली आणि म्हणाली, "आजी, तू शिवून देऊ नकोस. मला शिकव."

आईने चष्मा पुसला. सुई मागितली. दोरा ओवून दे म्हणाली. पहिल्या दिवशी मुलीने घातलेले सगळे टाके तिने उसवायला लावले. दुसऱ्या दिवशी अर्धे. आठ दिवसांनी कोपरा झाला. त्या आठ दिवसांत या घरात पुन्हा दुपारी बोलणे ऐकू येऊ लागले. हा तुकडा कोणाचा, तो कोणाचा, असे मुलगी विचारीत होती आणि आई सांगत होती. मुलीने ते सारे एका वहीत उतरवून घेतले. त्या वहीतील निम्म्या गोष्टी मला, घरातील थोरल्या मुलाला, ठाऊक नव्हत्या.

मग पाचव्या गोधडीचा विषय निघाला. गेलेले कापड परत येणार नव्हते. बोहारणीला शोधण्याचा मी प्रयत्न केला होता. तो अर्थातच व्यर्थ ठरला. मी आईजवळ बसून म्हणालो, "आई, चूक झाली." ती म्हणाली, "आबांची धोतरं गेली ती गेली. आता जे आहेत त्यांचं आणा." आम्ही साऱ्या नातेवाइकांना निरोप धाडले. बहिणीने आपली मंगळागौरीची सुती साडी पाठवली, धाकट्या भावाने दोन सदरे आणि मीही माझे जुने सदरे काढले. एक अडचण लक्षात आली. घरोघरी जुने कपडे ढिगाने होते, पण सुती कापड शोधावे लागत होते. कृत्रिम धाग्याच्या साड्या विरत नाहीत, मऊ पडत नाहीत, घाम शोषत नाहीत. त्या तशाच चकचकीत राहतात. आई त्यांना हात लावून बाजूला ठेवी.

एके दिवशी पत्नीने कपाटाच्या अगदी आतल्या खणातून एक पातळ आणून आईपुढे ठेवले. ते तिच्या दिवंगत आईचे होते. तिने ते इतकी वर्षे कोणाच्याही दृष्टीस पडू दिले नव्हते. माझ्या पत्नीचेही एक गाठोडे होते, हे मला लग्नानंतर सत्तावीस वर्षांनी कळले. आईने ते पातळ दोन्ही हातांनी घेतले आणि ते आत न घालता गोधडीच्या वरच्या बाजूला लावले.

पुतणी ती गोधडी घेऊन गेली. सहावी गोधडीही पुढे झाली. तिचे निम्मे टाके मुलीचे आहेत आणि ते वाकडे आहेत. आईने या वेळी ते उसवायला लावले नाहीत.

आज काय करता येईल?

आज आई पंच्याऐंशीची आहे. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. मोठी गोधडी आता तिच्याने होत नाही. गेल्या वर्षी तिला पणती झाली आणि तिने दुपटे शिवायला घेतले. मुलीला बालरोगतज्ज्ञांनी सांगितले होते की, वर्षाच्या आतील बाळाला झोपवताना अंगावर जाड, सैल पांघरूण घालू नये. ते तोंडावर येऊन श्वास अडण्याचा धोका असतो. आजीला वाईट वाटेल म्हणून ती हे सांगायला कचरत होती. अखेर सांगितले. आजी म्हणाली, "डॉक्टर सांगतात ते ऐकावं. आमच्या वेळी सांगणारं कोणी नव्हतं." आणि तिने जागेपणी बाळाला जमिनीवर खेळवण्यासाठी अंथरायचे एक आटोपशीर दुपटे शिवले. जुन्या पिढीला नवे काही पटत नाही, हा आपला समज पुष्कळदा आपण त्यांना काही सांगतच नाही यातून आलेला असतो.

आपल्या कुटुंबव्यवस्थेविषयी आपण सभा-संमेलनांतून पुष्कळ बोलतो. तीन पिढ्या एका छपराखाली राहतात, याचा अभिमान बाळगतो. परंतु एका छपराखाली राहणे आणि एकमेकांच्या कामात असणे यांत अंतर आहे. हे अंतर घालवण्यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. घरातील जुन्या कपड्यांचे गाठोडे बाहेर काढण्यापूर्वी ते ज्यांचे आहे त्यांना विचारावे. दोन खोल्यांच्या सदनिकेतही आजीच्या हातातल्या कामासाठी एक कोपरा असावा आणि पाहुणे आले म्हणून ते काम उचलून ठेवू नये. तिच्यावर लादलेली कामे कमी करावीत आणि तिने निवडलेले काम तिच्याकडेच राहू द्यावे. नातवंडांनी सुईत दोरा ओवून द्यावा. त्या निमित्ताने ती दोन घटका तिच्याजवळ बसतील. आणि कोणता तुकडा कोणाचा, हे कोणीतरी लिहून ठेवावे. आमच्या घरात ती वही आहे. तिच्यात पाचव्या गोधडीच्या पानावर, गेलेल्या गाठोड्यातील कापडांचीही यादी मुलीने लिहून ठेवली आहे. वडिलांची धोतरे, आजीचे इरकली लुगडे, बहिणीचा परकर आणि काकूंचे पातळ.

डबा अजून मांडणीवर आहे. तो कोणाला तरी देऊन टाकावा, असे मी एकदा आईला सुचवले होते. ती म्हणाली, "कशाला? चांगला डबा आहे. एवढं देऊन घेतलाय." म्हणून तो तेथेच आहे आणि आई रोज सकाळी त्यातूनच चहाची साखर काढते.